पंचवाचक लॅटिन–फ्रेंच शब्द, इंग्रजीतील

‘पाच’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘क्विंक्वे’, ‘पाचवा’ या अर्थाचा ‘क्विंटस’ आणि ‘क्विंक्वे’पासूनच उत्क्रांत झालेला फ्रेंच शब्द ‘सँक’ (जुने रूप ‘सिंक’) यांपासून सिद्ध झालेला इंग्रजी भाषेतील शब्दसमूह. इंग्रजीचा स्वतःचा पंचवाचक शब्द ‘फाइव्ह’ हा जर्मानिक कुळातील असून नॉर्मन विजयानंतरही (१०६६) त्याचे स्थान अढळ राहिले. तथापि राज्यव्यवहार, धर्म, द्यूत, शिल्प, संगीत, गणित इ. क्षेत्रांत लॅटिन व फ्रेंच पंचवाचक शब्द मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत आले. ‘सिंक पोर्ट्‌स’, ‘सिंकफॉइल’, ‘क्विंटेसन्स’, ‘क्विन्कन्क्स’, ‘क्विन्क्वेनिअल’, ‘क्विंटेट’ आणि ‘क्विंटुप्लेट’ हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी पुष्कळशा शब्दांतील पाच ही संख्या कालांतराने केवळ नावापुरती उरली. मूळ वस्तू बदलली, नाव मात्र टिकले. त्यामुळे हा लहानसा शब्दसमूह भाषेच्या इतिहासाप्रमाणेच संस्थांच्या इतिहासाचेही साधन ठरतो.

व्युत्पत्ती व ध्वनिविकास : संस्कृत ‘पञ्च’, ग्रीक ‘पेन्ते’, लिथुएनियन ‘पेंकि’, लॅटिन ‘क्विंक्वे’ आणि इंग्रजी ‘फाइव्ह’ हे सर्व शब्द एकाच मूळ इंडो-यूरोपीय शब्दापासून निघालेले आहेत. त्या मूळ शब्दाच्या आरंभी ‘प्’ हा ओष्ठ्य ध्वनी आणि मध्ये ‘क्व्’ हा ओष्ठ्यरंजित कंठ्य ध्वनी होता. संस्कृतात आरंभीचा ‘प्’ कायम राहिला आणि मधल्या ध्वनीचे तालव्यीकरण होऊन ‘च्’ झाला. लॅटिनच्या पूर्वावस्थेत पहिला ध्वनी दुसऱ्यासारखा झाला व ‘क्विंक्वे’ हे रूप आले. जर्मानिक शाखेत याच्या नेमके उलट घडले. तेथे दुसरा ध्वनी पहिल्यासारखा झाला, ‘प्’चा नियमानुसार ‘फ्’ झाला आणि ‘फिम्फ’ हे रूप सिद्ध झाले. प्राचीन इंग्रजीत त्यातील अनुनासिकाचा लोप होऊन ‘फीफ’ व पुढे ‘फाइव्ह’ असा विकास झाला. अशा रीतीने वरवर काहीच साम्य नसलेले ‘फाइव्ह’ आणि ‘क्विंक्वे’ हे सख्खे शब्द होत.

लॅटिनमधील हा बदल एकट्या संख्यावाचकापुरता मर्यादित नाही. ‘शिजविणे’ या अर्थाच्या ज्या मूळ धातूपासून संस्कृत ‘पच्’ आणि मराठी ‘पचणे’ ही रूपे आली, त्याच धातूचे लॅटिन रूप ‘कोक्वेरे’ असे आहे. लॅटिनमधील याच गणातील आचारीवाचक शब्दापासून इंग्रजी ‘कुक’ हा शब्द आला. ‘पञ्च’ व ‘क्विंक्वे’ आणि ‘पच्’ व ‘कोक्वेरे’ या दोन जोड्यांत एकच ध्वनिनियम दिसतो. शब्दांचे नाते केवळ बाह्य साम्यावरून नव्हे, तर नियमित ध्वनिसंवादावरून ठरते, या तत्त्वाचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

बोलीभाषेतील लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’तील दोन समान ध्वनींपैकी पहिला सौम्य होऊन ‘किंक्वे’ असे उच्चारण रूढ झाले. त्याचे लेखन शिलालेखांतही आढळते. त्यापासूनच इटालियन ‘चिंक्वे’, स्पॅनिश ‘सिंको’ व फ्रेंच ‘सँक’ ही रूपे निघाली. म्हणून इंग्रजीतील ‘सिंक’ने आरंभ होणारे शब्द बहुधा फ्रेंचमधून, तर ‘क्विंट’ वा ‘क्विंक्व’ने आरंभ होणारे शब्द ग्रंथांतील लॅटिनमधून प्रत्यक्ष किंवा विद्वानांच्या फ्रेंचद्वारे आलेले असतात. पहिल्या गटावर सरदार, नाविक, गवंडी व जुगारी यांचा ठसा आहे. दुसऱ्यावर पाद्री, वैद्य, ज्योतिषी आणि गणिती यांचा.

मूळ अंकवाचक शब्द सहसा उसने घेतले जात नाहीत. इंग्रजीने क्रमवाचकांपैकी ‘सेकंड’ आणि समूहवाचकांपैकी ‘डझन’ फ्रेंचमधून घेतले. परंतु एक ते दहा हे अंक स्वतःचेच ठेवले. फ्रेंच अंक टिकले ते फाशांच्या खेळात. एकापासून सहापर्यंतच्या दानांना ‘एस, ड्यूस, ट्रे, केटर, सिंक, साइस’ अशी नावे होती आणि ती सर्व प्राचीन फ्रेंचमधून आली. जेफ्री चॉसरच्या (सु. १३४३–१४००) कँटरबरी टेल्समधील ‘पार्डनर’च्या कथेत जुगाऱ्यांच्या तोंडी पाच आणि तीन या दानांची फ्रेंच नावेच येतात. ‘कीनो’ या जुगाराच्या खेळाचे नावही पाच विजयी आकड्यांच्या ओळीस असलेल्या ‘कीन’ या फ्रेंच संज्ञेपासून आले असून तिचे मूळ ‘प्रत्येकी पाच’ या अर्थाच्या लॅटिन ‘क्विनी’मध्ये आहे. इंग्लंडमधील चर्चच्या घंटावादनात अकरा घंटांच्या क्रमपालटास ‘सिंक्स’ म्हणतात. कारण त्यात एका वेळी घंटांच्या पाच जोड्या परस्परांत जागा बदलतात.

सिंक पोर्ट्‌स : पंचवाचक फ्रेंच शब्दाचा इंग्लंडच्या राज्यव्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा अवशेष म्हणजे ‘सिंक पोर्ट्‌स’ हा बंदरसंघ. हेस्टिंग्ज, न्यू रॉम्नी, हाइद, डोव्हर आणि सँडविच ही इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील त्यातील मूळची पाच बंदरे होत. राजाचे स्वतंत्र आरमार नसलेल्या काळात या बंदरांनी राजास ठराविक जहाजे पुरवावीत आणि त्याबदल्यात विशेषाधिकार उपभोगावेत, अशी ही व्यवस्था होती. दरवर्षी १५ दिवस ५७ जहाजे विनामूल्य देणे त्यांना बंधनकारक होते. यांपैकी हेस्टिंग्ज व डोव्हर यांच्याकडे प्रत्येकी २१ आणि उरलेल्या तीन बंदरांकडे प्रत्येकी ५ जहाजांचा भार होता. मोबदला म्हणून बंदरवासीयांना कर व जकातीतून सूट मिळे, स्वतःची न्यायालये चालविता येत आणि राज्याभिषेकाच्या वेळी राजावर छत्र धरण्याचा मानही त्यांच्या प्रतिनिधींना असे. पहिल्या एडवर्डने १२७८ मध्ये संघास व्यापक सनद दिली.

पाच ही संख्या मात्र फार काळ खरी राहिली नाही. राय व विंचेल्सी ही दोन ‘प्राचीन नगरे’ संघात समान दर्जाने सामील झाली आणि त्यांखेरीज अनेक लहान गावे वेगवेगळ्या बंदरांची अंकित म्हणून जोडली गेली. तरी सात बंदरांचा हा संघ ‘पाच बंदरे’ याच नावाने ओळखला जात राहिला. त्याच्या ऱ्हासास राजकीय कारणांइतकीच निसर्गाचीही करणी कारण झाली. १२८७ च्या भीषण वादळात जुने विंचेल्सी समुद्राने गिळले आणि रॉदर नदीचा प्रवाह बदलून न्यू रॉम्नी बंदर निकामी झाले. सँडविच व हाइद गाळाने भरत गेली. ज्या गावांच्या जहाजांवर राजाची मदार होती, ती गावे कालांतराने समुद्रापासून दूर, कुरणांच्या कडेला उरली. पुढे मोठ्या जहाजांचे राजकीय आरमार उभे राहिल्यावर संघाच्या नौसेवेची गरजच संपली आणि एकोणिसाव्या शतकातील कायद्यांनी त्याचे बहुतेक न्यायाधिकारही गेले. ‘लॉर्ड वॉर्डन’ हे संघप्रमुखाचे पद मानाचे म्हणून चालू राहिले. ड्यूक ऑफ वेलिंग्टन १८२९ पासून या पदावर होता आणि पदाचे अधिकृत निवासस्थान असलेल्या वॉल्मर किल्ल्यातच १८५२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. विन्स्टन चर्चिल यांनी १९४१ ते १९६५ या काळात हे पद भूषविले; १९७८ मध्ये राजमाता एलिझाबेथ या त्यावरील पहिल्या महिला झाल्या. संघाच्या नावाचा इंग्रजी उच्चार आजही मध्ययुगीन नॉर्मन वळणाचा, म्हणजे ‘सिंक’ असाच केला जातो. आधुनिक फ्रेंच ‘सँक’ वा इटालियन ‘चिंक्वे’ हे उच्चार त्यास लागू होत नाहीत.

युद्ध, वनस्पती व शिल्प : ‘क्विंक्वेरीम’ हे प्राचीन भूमध्य सागरातील युद्धनौकेचे नाव लॅटिन ‘क्विंक्वे’ (पाच) व ‘रेमस’ (वल्हे) यांपासून झाले आहे. पहिल्या प्यूनिक युद्धात (इ. स. पू. २६४–२४१) हाती लागलेल्या कार्थेजी नौकेच्या नमुन्यावर रोमनांनी अशा १०० नौका बांधल्या, असे इतिहासकार पोलिबिअस सांगतो, प्रत्येक रोमन नौकेवर ३०० वल्हेकरी व १२० सैनिक असत, हेही त्यानेच नमूद केले आहे. नावावरून या नौकेला वल्ह्यांच्या एकावर एक पाच रांगा असाव्यात असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. तो आता टाकून देण्यात आला आहे. वल्ह्यांच्या जास्तीत जास्त तीन रांगा असून एकेका वल्ह्यावर एकाहून अधिक माणसे बसत आणि प्रत्येक उभ्या गटात मिळून पाच वल्हेकरी होत, हे मत सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. येथील ‘पाच’ ही वल्ह्यांची नव्हे, तर माणसांची मोजणी आहे.

‘क्विंटेन’ म्हणजे घोडेस्वारांच्या भाल्याच्या सरावासाठी खांबावर बसविलेले फिरते लक्ष्य. नेम साधून वेगाने पुढे न जाणाऱ्या स्वाराच्या पाठीत आडव्या दांड्याला टांगलेली वाळूची पिशवी बसे. रोमन छावणीतील पाचव्या व सहाव्या तुकड्यांमधील ‘क्विंटाना’ या रस्त्यावरून हे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते. केंट परगण्यातील ऑफम या गावी असे एक क्विंटेन पाहावयास मिळते.

‘सिंकफॉइल’ (पंचपर्णी) हे पाच पर्णिका असलेल्या पोटेंटिला वंशातील वनस्पतींचे नाव लॅटिन ‘क्विंक्वेफोलिअम’पासून फ्रेंचमार्गे आले. गॉथिक वास्तुशिल्पातील खिडक्यांवरचा पाच पाकळ्यांचा जाळीदार आकार आणि ढालींवरील कुलचिन्हांतील पाच पाकळ्यांचे फूल यांनाही हीच संज्ञा आहे. लेस्टर शहराच्या कुलचिन्हात हे फूल दिसते.

क्विन्कन्क्स : ‘क्विंक्वे’ आणि ‘उंकिआ’ (बारावा भाग) या दोन शब्दांचा हा संधी असून त्याचा मूळ अर्थ ‘पाच-द्वादशांश’ असा आहे. मराठीत रूढ झालेले ‘इंच’ व ‘औंस’ हे दोन्ही शब्द याच ‘उंकिआ’पासून इंग्रजीमार्गे आलेले आहेत. इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस इटलीतील काही टांकसाळींनी ‘आस’ या नाण्याच्या पाच-द्वादशांश मूल्याचे ब्राँझ नाणे पाडले आणि त्यावर मूल्यदर्शक पाच ठिपके उमटविले. चार कोपऱ्यांत चार व मध्यभागी एक, अशा फाशाच्या पंजासारख्या मांडणीस पुढे ‘क्विन्कन्क्स’ म्हणू लागले. नाणे गेले, अपूर्णांकही विस्मृतीत गेला. ठिपक्यांची आकृती तेवढी उरली. फळबागांतील झाडे या आकृतीत लावण्याची रोमन पद्धत प्रसिद्ध असून सर टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्य-लेखकाने द गार्डन ऑफ सायरस (१६५८) हा ग्रंथ या आकृतीच्या निसर्गातील व कलेतील आविष्कारांस वाहिला आहे. फ्रान्सिस गॉल्टनने (१८२२–१९११) खिळ्यांच्या अशाच एकाआड एक रांगांतून गोळ्या सोडून संभाव्यतेच्या प्रसामान्य वितरणाचे प्रात्यक्षिक दाखविणारे उपकरण तयार केले व त्यास हेच नाव दिले. फलज्योतिषात मात्र मूळचा अपूर्णांक टिकून आहे. तेथे दोन ग्रहांमधील १५०° अंतरास, म्हणजे वर्तुळाच्या पाच-द्वादशांशास, क्विन्कन्क्स म्हणतात.

क्विंटेसन्स : पृथ्वी, आप, वायू व अग्नी या चार तत्त्वांहून भिन्न अशा अविनाशी द्रव्याचे खगोल बनलेले आहेत, असे ॲरिस्टॉटलचे (इ. स. पू. ३८४–३२२) मत होते. ईथर या नावाने ओळखल्या गेलेल्या या द्रव्यास मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘क्विंटा एसेन्शिआ’ (पाचवे सत्त्व) म्हणू लागले. भारतीय पंचमहाभूतांत आकाश हे चार भूतांहून सूक्ष्म असे पाचवे भूत गणले जाते, ही गोष्ट तुलनेसाठी लक्षणीय आहे. तथापि आकाशाचा गुण शब्द मानला गेला, तर ॲरिस्टॉटलचे पाचवे द्रव्य चंद्राच्या पलीकडील प्रदेशापुरते मर्यादित असून वर्तुळाकार गती हे त्याचे लक्षण होते. तेव्हा दोन्ही कल्पना एकरूप मानता येत नाहीत.

चौदाव्या शतकात जॉन ऑफ रूपेसिसा या फ्रेंच फ्रान्सिस्कन साधूने हे सत्त्व पृथ्वीवरील पदार्थांतूनही वेगळे काढता येईल असे प्रतिपादन केले. वारंवार ऊर्ध्वपातन केलेल्या मद्यार्कात त्यास ते आढळले. मद्यार्कात ठेवलेले मांस सडत नाही, या निरीक्षणाचा त्यास मोठा आधार वाटला. जे सडणे थांबविते ते मानवी देहासही जरेपासून वाचवील, अशी त्यामागची आशा होती. पंधराव्या शतकात या विचारांवर आधारलेला ग्रंथ इंग्रजीत अवतरला आणि औषधिद्रव्यांचे ‘सत्त्व’ काढण्याची कल्पना वैद्यकात रुजली. शेक्सपिअरच्या (१५६४–१६१६) हॅम्लेटमध्ये नायक मानवाविषयी उद्विग्नतेने बोलताना हा शब्द योजतो. तोपर्यंत तो ‘अर्क’, ‘निखळ सार’ अशा लाक्षणिक अर्थाने रुळला होता. चार तत्त्वांची उपपत्ती आधुनिक रसायनशास्त्राने मोडीत काढल्यावर शब्दातील ‘पाचवे’ निरर्थक झाले. पुढे १९९८ मध्ये कॉल्डवेल, दवे व स्टाइनहार्ट या भौतिकीविज्ञांनी विश्वाच्या प्रवेगी प्रसरणाच्या स्पष्टीकरणासाठी कल्पिलेल्या, कालानुसार बदलणाऱ्या ऊर्जाक्षेत्रास हेच नाव देऊन त्याचे पुनरुज्जीवन केले.

कालगणना व राज्यकारभार : मार्चपासून सुरू होणाऱ्या प्राचीन रोमन वर्षात पाचव्या महिन्यास ‘क्विंटिलिस’ म्हणत. वर्षारंभ जानेवारीत गेल्यावर तो सातवा झाला, तरी नाव बदलले नाही. इ. स. पू. ४४ मध्ये ज्यूलिअस सीझरच्या सन्मानार्थ त्यास नवे नाव देण्यात आले व त्यापासून ‘जुलै’ हा शब्द आला. सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांची सात ते दहा दर्शविणारी जुनी नावे मात्र आजही चुकीच्या क्रमाने चालू आहेत. ख्रिस्ती पंचांगातील ‘क्विंक्वाजेसिमा’ (पन्नासावा) हा ईस्टरपूर्वीचा, दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजलेला पन्नासावा दिवस होय. १९६९ च्या सुधारणेत रोमन कॅथलिक पंचांगातून हे नाव वगळण्यात आले.

‘क्विंक्वे’ व ‘आनस’ (वर्ष) यांपासून ‘क्विन्क्वेनिअम’ (पाच वर्षांचा काळ) व ‘क्विन्क्वेनिअल’ ही रूपे झाली. ‘पंचवार्षिक’ या शब्दाची घडण नेमकी अशीच आहे. नीरोच्या कारकीर्दीतील चांगल्या पाच वर्षांस इतिहासात ‘नीरोचे क्विन्क्वेनिअम’ म्हणतात. या कालखंडाची प्रशंसा सम्राट ट्रेजनने केल्याचे चौथ्या शतकातील लेखक ऑरीलिअस व्हिक्टर सांगतो.

भारताच्या इतिहासात हा शब्द एका कटू प्रकरणाशी निगडित आहे. १७७० च्या दुष्काळाने बंगालची अपरिमित मनुष्यहानी झाली असतानाच १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या प्रशासनाने जमीनमहसुलाची वसुली पाच वर्षांच्या मुदतीने लिलावात देण्याची पद्धत सुरू केली. तीच ‘क्विन्क्वेनिअल सेटलमेंट’ म्हणजे पंचवार्षिक जमाबंदी होय. जमिनीशी कसलाही संबंध नसलेल्या सट्टेबाजांनी अवाच्या सवा बोली लावल्या आणि ती रक्कम रयतेकडून पिळून काढण्याचा प्रयत्न केला. पाच वर्षांनंतर जमीन आपल्याकडे राहीलच याची हमी नसल्याने तिची निगा राखण्यात कोणाचेच हित नव्हते. थकबाकी साचत गेली आणि मुदत संपल्यावर १७७७ मध्ये सरकार वार्षिक ठेक्यांकडे वळले. पुढे दशवार्षिक व अखेर १७९३ मध्ये कायमधारा पद्धत आली. एका मुदतवाचक विशेषणामागे लक्षावधी कुळांची विपन्नावस्था दडलेली आहे.

संगीत, गणित व जीवविज्ञान : पाच वादकांसाठी वा गायकांसाठी असलेल्या रचनेस ‘क्विंटेट’ म्हणतात, ही संज्ञा इटालियन ‘क्विंटेट्टो’वरून आली. फ्रांट्स शूबर्ट याचे ‘ट्राउट’ (१८१९) व रॉबर्ट शूमान याचे पियानो क्विंटेट (१८४२) या प्रकारातील गाजलेल्या रचना होत. सांख्यिकीत समूहाच्या पाच समान भागांच्या सीमा दर्शविणारा ‘क्विंटाइल’ हा शब्द पूर्वी ज्योतिषात वर्तुळाच्या पंचमांशासाठी (७२°) वापरला जाई. ‘क्विंटिलियन’ ही संख्या मूळ योजनेनुसार दशलक्षाचा पाचवा घात, म्हणजे एकावर ३० शून्ये, अशी होती. अमेरिकन पद्धतीत ती एकावर १८ शून्ये एवढीच मानतात आणि ब्रिटिश शासनानेही १९७४ मध्ये हीच गणना स्वीकारली. या गणनेत नावातील ‘पाच’चा संख्येशी असलेला संबंध सहज उमगत नाही.

एकाच वेळी जन्मलेल्या पाच अपत्यांस ‘क्विंटुप्लेट’ म्हणतात. हा शब्द सर्वतोमुखी झाला तो २८ मे १९३४ रोजी कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात एका फ्रेंचभाषक शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या डिऑन भगिनींमुळे. अशा पाचही अपत्यांनी शैशव ओलांडल्याचे हे पहिले ज्ञात उदाहरण होय. प्रांतिक शासनाने संरक्षणाच्या नावाखाली मुलींचा ताबा आईवडिलांकडून घेतला, त्यांच्यासाठी घरासमोरच स्वतंत्र शिशुगृह बांधले आणि त्यांना खेळताना पाहण्यासाठी प्रेक्षकसज्जा उभारली. लाखो प्रवाशांनी त्यांना पाहिले आणि अनेक व्यापारी मालांच्या जाहिरातींत त्यांची छायाचित्रे झळकली. १९४३ मध्ये त्या कुटुंबाकडे परतल्या. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतील पैशांच्या विनियोगाबद्दल हयात असलेल्या तिघी बहिणींना १९९८ मध्ये शासनाने भरपाई दिली. पाच मुलींची स्वतंत्र व्यक्तिमत्त्वे एका संख्यावाचकात लोपल्याचे हे उदाहरण बालहक्कांच्या चर्चेत वारंवार दिले जाते.

भ्रामक साम्ये : ‘क्विन’ने आरंभ होणारा प्रत्येक शब्द पंचवाचक नसतो. मराठी शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचा ‘क्विंटल’ हा पाचशी नव्हे, तर शंभराशी संबंधित आहे. लॅटिन ‘सेंटेनेरिअम’ (शंभरांचे) हा शब्द ग्रीकमधून अरबीत ‘किंतार’ या रूपाने गेला आणि तेथून मध्ययुगीन लॅटिन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘क्विनीन’चे मूळ दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेतील सालवाचक शब्दात, तर ‘क्विन्सी’ या घशाच्या विकाराच्या नावाचे मूळ ग्रीकमध्ये आहे. उलट, ‘पंच’ या पेयाच्या नावात वरवर न दिसणारा पाच असावा, असे परंपरेने मानले जाते. सतराव्या शतकात पश्चिम भारतात आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने पाच घटकांवरून हे भारतीय नाव पडल्याचे आपल्या प्रवासवर्णनात (१६९८) नोंदविले आहे. काही कोशकार मात्र ही व्युत्पत्ती निःसंदिग्ध मानीत नाहीत. ती खरी असल्यास ‘क्विंक्वे’, ‘फाइव्ह’ व ‘पञ्च’ या मूळच्या एकाच शब्दाच्या तिन्ही शाखा हजारो वर्षांच्या वियोगानंतर इंग्रजी भाषेत पुन्हा एकत्र आल्या, असे म्हणता येईल.